खोली रिकामी नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी, एका रविवारी, भरदुपारी, आमच्या ऑफिसात.

लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, एकच नसते, तिचे बरेच प्रकार असतात. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येकासाठी वेगळं बांधावं लागतं. हे काम ऑफिसातले सगळ्यांत जुने सहकारी, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, हाताने करायचे. खडूस म्हातारा! मी काहीही केलं की मागे उभा राहून "च्च" करायचा.

मी ते सगळं स्वयंचलित केलं. बटण दाबलं की सर्व्हरवर प्रत्येक लिनक्ससाठी एक कोरा, बंद कप्पा तयार होतो. आम्ही त्याला खोली म्हणतो. तिथे पॅकेज, म्हणजे ग्राहकाला द्यायचं तयार सॉफ्टवेअर, बनतं, बाहेर पडतं आणि खोली पुसली जाते.

मास्तरांची गरज संपली. जाताना माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "माझ्याशिवाय इथून काहीही बाहेर जाणार नाही."

महिन्याभरात ते वारले. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही.

त्या रविवारी ऑफिसात मी एकटाच होतो. सोमवारी ग्राहकांना पॅकेज हवं होतं. बटण दाबलं.

काम अडलं. स्क्रीनवर ओळ आली... "खोली रिकामी नाही."

काम सुरू होण्याआधी खोली कोरी आहे ना, ही तपासणी मीच लिहिली होती. पण आत्ता जन्मलेल्या खोलीत कोण असणार?

खोली पुसली. नवी केली.

"खोली रिकामी नाही."

दुसऱ्या लिनक्सची खोली... तेच. तिसऱ्याची... तेच.

आणि सर्व्हर ठेवलेल्या दालनाच्या बंद दारामागून आवाज आला...

"च्च."

दार उघडलं. पंखे घरघरत होते. बाकी कुणी नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलास तरी पिच्छा सोडत नाहीस का रे, म्हाताऱ्या?"

रागाच्या भरात मी ती तपासणीच काढून टाकली. पुन्हा बटण दाबलं.

सगळं सुरळीत झालं. पॅकेज बाहेर पडलं.

आमचं प्रत्येक पॅकेज आधी चाचणीसाठी आपोआप माझ्या आईच्या जुन्या संगणकावर जातं. त्या खटाऱ्यावर चाललं की कुठेही चालतं. आई घरी एकटीच असते.

फोन वाजला. आईच होती.

"अरे, तुझ्या ऑफिसातले एक गृहस्थ आलेत. संगणकापुढे बसलेत. पण दार तर मी उघडलंच नव्हतं..."

"आई, आधी घराबाहेर पड!"

"असं काय रे? ते तर म्हणतात, तुमच्या मुलानेच सोडलं मला."

फोन कट झाला.

मी धापा टाकत घरी पोहोचलो. घरात आईशिवाय कुणी नव्हतं. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन केल्याचं तिला आठवतही नव्हतं.

तो संगणक मी त्याच दिवशी फोडून टाकला. तपासणी परत लावली. आता सर्व्हरवरच्या सगळ्या खोल्या रिकाम्या असतात.

मला भीती त्याचीच वाटते.

काल घरी काम करत बसलो होतो. आई मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मग ती हळूच म्हणाली...

"च्च."