कानबाईचा गुलाबी रंग

दिपमालाच्या ओढणीवर गुलाबी रंगाचा थेंब टपकला, तेव्हा ती आधीच डोक्यात राख घालून आलेली होती. खोलीच्या दारात शिडी, शिडीवर जुन्या बनियनमधला एक तरुण, आणि बाहेर श्रावणाची भुरभुर.

तो घाईघाईने खाली उतरला. ओली आहे तोवर धुवा, निघेल, म्हणाला. डोळे मोठे बोलके होते त्याचे... पण दिपमालाला त्या घडीला कुणाचे डोळे बघायची हौस नव्हती.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "या रंगाचे पैसे माझेच आहेत. थोडा माझ्या अंगावर पडला तर काय बिघडलं?"

त्याचा ब्रश हातातच थांबला.

मग तिने सगळंच सांगून टाकलं. अनोळखी माणसापाशी मन मोकळं होतं ते असं. धुळ्याच्या देवपुरातल्या या खोलीत ती दोन वर्षं भाड्याने राहिली, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, भाडं कधी थकवलं नाही. आता जळगावात नोकरी लागली होती. तिथल्या खोलीसाठी डिपॉझिट भरायचं, ते इथलं परत मिळालं की. पण घरमालक तोताराम नानांनी रंगाचे पैसे कापले, खिळ्याच्या भोकाचे कापले, नळाचेही कापले. उरलं ते हाताच्या पंज्यावर मावेल एवढं.

"जळगावात खोली नाही मिळाली तर?" त्याने विचारलं.

तर नोकरी गेली. सकाळी उजाडायच्या आत रक्ताचे नमुने घ्यायला हजर राहायचं, आणि घरून, जामनेरहून, तेवढ्या लवकर पोचता येत नाही. घरचे तर टपलेलेच होते – बस झालं शिक्षण, ये परत, दोन स्थळं बघून ठेवलीत.

"पण... हा रंग तर कानबाईचा आहे," तो गोंधळून म्हणाला. "रविवारी इथे कानबाई देवी बसेल. त्याआधी दर साली अख्खं घर रंगवतात. तुम्ही राहिला असता तरी रंगवलंच असतं."

दिपमालाला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या घरी कानबाई बसत नव्हती. मागच्या दोन्ही श्रावणांत ती सुट्टीला गावी गेली होती, परत आली की भिंती कोऱ्या दिसायच्या. नानांची टापटीप, असं वाटायचं तिला!

"भाऊ, हे नानांसमोर सांगाल?"

"सांगेन," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "तेवढं भाऊ म्हणू नका."

ती तशीच जिना उतरली. ओसरीवर नाना गहू निवडत बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई. दिपमालाने एका दमात सांगितलं, की रंग कानबाईसाठी आहे, माझ्यामुळे नाही, आणि हे तुमचाच रंगारी म्हणतो.

"कोणता रंगारी?" नानांनी वर पाहिलं. मागोमाग जिन्यावरून तो उतरला, नाकावर गुलाबी ठिपका घेऊन. "हाऊ रंगारी? हाऊ मना पोऱ्या शे!"

दिपमालाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ललित. सुरतेला कापड गिरणीत असतो म्हणून प्रमिलाबाई दोन वर्षं ज्याचं कौतुक सांगत होत्या, तो हा. कानबाईच्या घरी रंग घरच्यांनीच द्यायचा, म्हणून कालच आलेला. आता हा बापाच्या विरुद्ध कसला बोलतोय...

पण ललित बोलला. मान खाली घालून, पण स्पष्ट. "नाना, ती खरं सांगते. रंग आपला आहे. खिळाही मीच ठोकला होता, कॅलेंडरसाठी."

नाना लालबुंद झाले. माणूस वाईट नव्हता. हात आखडता होता एवढंच, आणि पोटच्या पोराने परक्यासमोर तोंडावर पाडलेलं कुणाला रुचतं? ते काही बोलणार, तोच प्रमिलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"कानबाईना घरले परका पैसा चालाव नही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिना पैसा तिले देई टाका."

त्यापुढे नानांचं काही चाललं नाही. ते उठले, कपाट उघडलं. दिपमालाच पुढे होऊन म्हणाली, नळ मात्र माझ्या हातून मोडला, त्याचे कापा. नानांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तेही कापले नाहीत.

सामान रिक्षात ललितनेच चढवलं. दोघांनाही खूप बोलायचं होतं, आणि दोघंही गॅसची शेगडी कुठे ठेवायची एवढंच बोलत राहिली.

गणपती उठले त्या आठवड्यात, जळगावच्या लॅबबाहेर तो उभा दिसला.

"सुरतेहून रेल्वेने घरी निघालो होतो," तो म्हणाला. "दोंडाईचाला उतरून धुळ्याची बस धरायची. पण झोप लागली... गाडी थेट इथे आली."

"भरदुपारी झोप?"

"लागते कधी कधी."

ती ओठ दाबून हसली. दोघं चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभी राहिली. भुरभुर सुरूच होती. आईने तुमची आठवण काढली, तो म्हणाला. कानबाईचा प्रसाद म्हणून रोट करतात, तो फक्त घरच्यांनी खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत. तुम्हाला देता आला नाही म्हणून तिला वाईट वाटलं.

"आणि तुम्हाला?"

त्याने कप दोन्ही हातांत धरला. कान लाल झाले होते.

"मला... पुढच्या श्रावणात पुन्हा वाईट वाटून घ्यायचं नाही."

दिपमालाने पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्याखाली आपला रिकामा कप विसळला. मग म्हणाली, "त्यासाठी जामनेरला यावं लागेल. आमचे आप्पा फार खोदून खोदून विचारतात."

"माझी पंचाईत होईल," ललित म्हणाला. "मोठ्यांसमोर मला खोटं बोलता येत नाही."

"बघितलंय मी," ती म्हणाली. "म्हणूनच तर या म्हणतेय."