पडण्याच्या अटीवर

दारातल्या टपालाच्या फटीतून एक पत्रक आत आलं आणि त्यामागोमाग ते ढकलणारं लाकडी उलथनं. टॅमसिनने उलथनं सरळ आत ओढून घेतलं.

"अहो... ते माझं आहे," बाहेरून आवाज आला.

"मग आमच्या दारात काय करतंय?"

"कुत्र्यांपासून बोटं वाचवतंय. आमच्या पक्षात आधीच माणसं थोडी, त्यात बोटंही गेली तर..."

तिने दार उघडलं. धुक्याने ओले झालेले केस, खांद्याला पत्रकांची पिशवी, आणि राग कुठल्या कुठे पळावा असं हसू. हा पेरन. पोर्थवेन या किनाऱ्यावरच्या गावात पक्षाचं काम तो जवळजवळ एकटाच ओढत होता. देशात तर पक्ष औषधालाही उरला नव्हता.

त्या दिवशी चहा झाला. मग रोज संध्याकाळी बंदरावर फेऱ्या सुरू झाल्या. एकदा केशर घातलेल्या बनपावाचा अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "कौन्सिलला उभी राहतेस? मतपत्रिकेवर पक्ष दिसायला नुसतं नाव हवंय."

"आणि चुकून निवडून आले तर? जूनमध्ये ब्रिस्टलला नोकरीवर चाललेय मी."

"पडशील, शपथ. पडण्यात आमचा हात कुणी धरणार नाही."

ती हसून हो म्हणाली. तो मात्र समुद्राकडे बघत राहिला. एकदा तरी याने 'जाऊ नकोस' म्हणावं, असं तिला फार वाटलं...  उलट त्यानंतर तो संध्याकाळचा भेटेनासाच झाला. "काम आहे," एवढंच सांगायचा.

मे महिन्यात निकाल लागले. सकाळपासून रेडिओवर पक्षाची देशभर धूळधाण चालली होती. पोर्थवेनची मतं मात्र पुन्हा पुन्हा मोजली गेली, आणि टॅमसिन एका मताने निवडून आली.

तिने पेरनला धक्क्यावर गाठलं. "शपथ घेतली होतीस तू."

"मोडली," तो खाली बघत म्हणाला. "रोज संध्याकाळी तुझ्यासाठी दारोदार हिंडलो. वाटलं, निवडून आलीस तर चार वर्षं तरी... जाऊ नकोस, टॅमसिन. आणि जायचंच असेल, तर राजीनामा मी स्वतः पोचवून येईन."

"म्हणजे अख्ख्या गावाशी बोललास, मला सोडून."

"तुझ्याशी बोलायची हिंमत नव्हती."

धुकं दाट होत होतं. ती त्याच्या अगदी जवळ आली. "विरोधी उमेदवाराच्या नावापुढे मताची फुली मारून मोकळं व्हायचं ठरवलं होतं मी. पेन्सिल हातात घेतली, आणि—"

"आणि?"

"ते एक मत माझं आहे, पेरन."

 तिने त्याच्या खिशातून डोकावणारं उलथनं हळूच काढून घेतलं. या वेळी त्याने ते परत मागितलं नाही.