पेटी मधोमध

दुबई मरीनातल्या त्या गारेगार ऑफिसातून बाहेर पाऊल टाकलं आणि ऑगस्टच्या दमट हवेनं माझ्या चष्म्यावर धुकं धरलं. समोर एक पांढरी गाडी, गाडीपाशी एक उंच आकृती. टॅक्सी मागवलेली होतीच. मी हार्मोनियमची पेटी त्या आकृतीच्या हातात दिली, “शारजा, अल मजाज,” म्हटलं आणि आत जाऊन बसले.

चष्मा पुसून होईपर्यंत गाडी हमरस्त्याला लागली होती. मीटर नव्हता. मागे स्टीलचे डबे खडखडत होते आणि आमटीचा वास येत होता.

“अगं आई गं…” माझ्या तोंडून निघालं.

मी मुळातच भित्री. लिफ्टला भिते, खोल पाण्याला भिते, दारावरची बेल वाजली तरी दचकते. आणि आज अनोळखी माणसाच्या व्हॅनमध्ये आपल्याच पायांनी चढून बसले होते. पाचावर धारण बसली. गाडी थांबवा, एवढंच कसंबसं म्हणाले.

“थांबवतो,” तो मराठीत म्हणाला. “पण इथे थांबलो तर फाइन पडेल. पुढच्या एक्झिटला चालेल?”

“तुम्ही… टॅक्सी नाही?”

“केटरिंग. पण तुम्ही इतक्या हक्कानं पेटी हातात दिलीत, नाही म्हणायचा धीरच झाला नाही.”

आरशात त्याचे डोळे हसत होते. नाव नागेश. मूळचा मालवणचा. दुबईतल्याच रास अल खोरच्या एका गोदामात त्याचं आणि त्याच्या आईचं स्वयंपाकघर होतं, तिथून ऑफिसांना डबे जायचे. फावल्या वेळात तबला. पेटी घेऊन व्हिसाच्या ऑफिसात कशाला गेला होतात, असं त्यानं विचारलं, आणि घाबरलं की मी फार बोलते, म्हणून सगळंच सांगून टाकलं.

न्यू जर्सीच्या एका संगीतशाळेला मी हवी होते. पण त्यासाठी अमेरिकेला पटवायचं होतं की सुलक्षणा नावाच्या या मुलीच्या अंगी असामान्य कला आहे, म्हणून पेटीही बरोबर नेली होती. कागदपत्रं तयार करणाऱ्या फिरदोस मॅडमनी माझ्या मैफलींचे सगळे व्हिडिओ पाहिले आणि चष्म्यावरून विचारलं, “बेटा, इसमें तुम हो कहाँ?” एकात फक्त माझं कोपर दिसत होतं. साथीची पेटी कडेलाच असते. गायकाच्या किंचित मागून जायचं, तो चुकला तर झाकून घ्यायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच मी शिकले होते.

गुरुजींचं शिफारसपत्रही एका ओळीचं होतं : ‘सुलक्षणा बरी वाजवते.’ ते वाचून मी रडले होते, कारण गुरुजींनी आजवर कुणालाच ‘बरं’ म्हटलेलं नव्हतं. मॅडमना मात्र तिथे ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ हवं होतं. फोनवर गुरुजी म्हणाले, मग ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घे.

आता उपाय एकच. रंगमंचाच्या मधोमध बसून, एकटीनं पूर्ण मैफल करायची आणि तिचं रेकॉर्डिंग जोडायचं. नाही जमलं तर शारजातच राहायचं, शाळेत कीबोर्ड शिकवत, “मिस, कॅन वी गो नाऊ?” ऐकत.

“आणि मला जमणार नाही,” मी म्हणाले. “समोर कुणी गात नसेल तर माझी बोटं सुरूच होत नाहीत.”

अल मजाजला त्यानं पेटी अलगद खाली ठेवली. मी भाडं विचारलं, तर मान हलवून म्हणाला, “लहरा धराल?”

तबलजी एकटा वाजवतो तेव्हा पेटीवर एकच छोटी चाल परत परत वाजवायची असते, म्हणजे त्याचा हिशेब चुकत नाही. तोच लहरा. बिचारा फोनमधल्या लहऱ्यावर रियाझ करायचा. मी दर शनिवारी दुपारी गोदामात जाऊ लागले. कांद्याच्या पोत्यांना टेकून मी चंद्रकंस रागातला लहरा धरायची आणि तो वाजवायचा. समेवर एकमेकांकडे बघायची रीतच आहे. हळूहळू आम्ही समेच्या आधीही बघायला लागलो…

त्याला चेष्टेला निमित्तच हवं असायचं. माझा चहा एक्स्ट्राऑर्डिनरी, माझी शिंकसुद्धा एक्स्ट्राऑर्डिनरी. त्याची आई आतून सोलकढी पाठवायची आणि उगाच हसायची. अमेरिकेचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. मैफल फसेल, याची मला भीती वाटायची. मग ती रंगली तर काय, हे मनात यायचं आणि त्याची दुप्पट भीती वाटायची.

शेवटी मीच विचारलं, “माझ्या साथीला तू बसशील ना?”

तो बराच वेळ डग्गा पुसत राहिला. “यल्ला, चल, बसतो,” म्हणाला. बस, एवढंच. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आलो होतो, आठवत नाही.

सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी सभागृह भरलं. तीन कॅमेरे. पहिल्या रांगेत माझे बाबा आणि फिरदोस मॅडम. पेटी मधोमध. मी भात्याला हात लावला, पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि… काहीच नाही. उजवीकडे सवयीनं बघितलं, तिथे गायक नव्हता. कुणीतरी खोकलं. बाबांनी मान खाली घातली. आता उठून पळावं, एवढंच डोक्यात होतं.

मग डावीकडून ठेका सुरू झाला. मुख्य कलाकाराआधी तबलजीनं सुरू करायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नागेशनं केलं. आणि ठेक्याबरोबर तो हळूच गुणगुणू लागला… आमचा लहरा. सूर जरा हललेलाच होता त्याचा. पण माझी बोटं इतके शनिवार ज्या वाटेनं गेली होती, त्याच वाटेनं निघाली. दोन आवर्तनांनी तो गुणगुणायचा थांबला. मी थांबले नाही. ठरवलेला राग राहिला बाजूला, तासभर मी चंद्रकंसच वाजवला. एकदाही उजवीकडे बघितलं नाही.

बाहेर आलो तेव्हा मॅडम “खलास, हो गया काम!” म्हणत बाबांचं अभिनंदन करत होत्या. मी आणि नागेश व्हॅनपाशी गेलो. दमट हवा लागताच माझा चष्मा पुन्हा धुरकटला. तो दिसेनासा झाला, नुसता आवाज आला.

“तू अडलीस ना, तेव्हा मी लगेच सुरू केलं नाही. वाटलं, गप्प बसावं. मला काही करावं लागणारच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं. तू इथेच राहिली असतीस.”

मी म्हणाले, “मग?”

“तू उजवीकडे गायक शोधत होतीस. बघवेना.”

तो पुढे काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली. जन्मभर मी दुसऱ्यानं सुरू करायचीच तर वाट बघत आले होते. मग लक्षात आलं, तो सुरू करणारच नाही. त्यानं शब्द काढला तर माझा पाय निघणार नाही, हे तो जाणून होता.

“नागेश,” मी म्हणाले. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि मी जाणार आहे. दोन्ही खरं आहे… आणि दोन्हीची मला भयंकर भीती वाटतेय. येशील माझ्याबरोबर?”

त्यानं माझा चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकाला पुसला आणि परत माझ्या डोळ्यांवर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. आता हा ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ म्हणून चेष्टा करणार, असं मला वाटलं.

“बरं बोललीस,” तो म्हणाला, आणि माझी पेटी उचलून त्यानं व्हॅनमध्ये, स्वतःच्या तबल्याशेजारी ठेवली.