पुराची खिडकी

रविवारी सकाळी भाऊराव मार्लीवार थापी आणि घमेलं घेऊन कोटापाशी आले, तर त्यांना लिंपायला भेगच सापडेना.

"वनमालाताई, माझी भेग कुठं गेली?"

कोट राखण मंडळाच्या सचिव वनमाला दुधपचारे बुरुजाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "बुजली," त्या म्हणाल्या. "हात लावून पाहा."

भाऊरावांनी अंगठ्यानं चाचपून पाहिलं. मंडळाचे अध्यक्ष झाल्यापासून दर रविवारी ते याच भेगेत चुना भरत आले होते आणि दर पावसाळ्यात तो वाहून जात होता. आता तिथं पांढुरकी बारीक रेघ होती, जुन्या व्रणासारखी. त्यांनी थापीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. दगड बोलावा तसा आवाज आला. ते पुढच्या भेगेकडे गेले, मग तिच्या पुढच्या, आणि शेवटी सत्तरीचा तो माणूस घमेलं वाजवत परत आला.

"आपण आता करायचं काय? मंडळ बंद करायचं काय?"

सगळे हसले. पाथरकोटच्या या मंडळात सगळे सभासद कोटाच्या आतले होते, बहुतेकांचे केस पिकलेले. कोटावरचे पिंपळ उपटणं, ढासळलेले दगड परत बसवणं, गवत काढणं यात त्यांचे रविवार गेले होते. कोट त्यांच्या डोळ्यांदेखत कधी सुधारला नव्हता. तो फक्त हळू पडत होता, इतकंच.

मग गावचीच मुलगी डॉ. सुचिता नैताम विद्यापीठातून जिता चुना घेऊन आली. जुने गवंडी चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. सुचितानं त्यात एक जीवाणू मिसळला, दगडखाणीच्या ओलीत सापडलेला. तो कोरड्या चुन्यात झोपून राहतो. ओल लागली की जागा होतो, दिलेलं खातो आणि आपल्याभोवती चुनखडी रचतो, शिंपला आपलं कवच रचतो तशी. त्याच्या खाण्याला सुचिता पेज म्हणत असे. गुळाचं पाणी आणि त्यात चिमूटभर युरिया. पेज संपली की जीवाणू परत झोपतो. भिंतीत जागोजागी बोटाएवढे खिळे ठोकले होते, त्यांना ती नाडीखिळे म्हणे. भिंत कुठं वाढते आहे ते खिळे मोबाइलवर दाखवत. हिरवं म्हणजे निजलेली, केशरी म्हणजे बांधकाम चालू.

वनमालाताईंचा सारा जन्म सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेला होता. भिंत भरताना पाहून त्यांना रोज नवल वाटे. जखमा त्यांनी हजारो पाहिल्या होत्या, पण दगडाची जखम भरताना पहिल्यांदाच.

आणि वेळ अगदी नेमकी साधली होती. पुढच्या आठवड्यात पुरातत्त्व खात्याचं पथक येणार होतं. कोट सलग आढळला तर त्याला 'अखंड कोट' हा दर्जा मिळणार होता. मग त्याचा एक दगड हलवायची कुणाची हिंमत होणार नव्हती. भाऊरावांनी कापडी फलकसुद्धा रंगवून घेतला होता.

"नदीकडचं भगदाडही बुजून राहिलं," एक जण मोबाइल दाखवत म्हणाला. "पाहा, लालभडक."

वनमालाताईंनी मान वळवली. खिळ्यांचा लाल रंग त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

भगदाडापाशी सगळे पोचले तेव्हा पलीकडून शेवंता पचारे येत होती. कोटाबाहेर, नदीकाठी ढिवरांची वस्ती होती. तिथल्या बाया याच वाटेनं मासोळी घेऊन बाजारात येत. शेवंता टोपली डोक्यावर घेऊन आली, थांबली, टोपली काखेत घेतली आणि आडवी होऊन आत शिरली.

"काऊन जी ताई, तुमची भिंत पोटुशी राहिली काय?" ती म्हणाली. "मागच्या बाजाराले मी नीट येत होती. आज खांदा सोलला."

वनमालाताई कडेला गेल्या. दोन्ही बाजूंनी पांढरा थर फुगून आला होता, ओला, गुळगुळीत. "पेज तर आपण केव्हाच बंद केली," त्या म्हणाल्या. "कोण घालून राहिलं?"

मग भाऊराव घसा खाकरून म्हणाले, "मी रोज सकाळी तांब्याभर घालतो. फिरायला जाताना. त्या माझ्या भेगेत. कोरडी दिसे, जीव राहत नव्हता."

"मीबी," दुसरा म्हणाला.

"आमच्या घरची मंडळी तर हळदकुंकूही वाहून आली."

निघालं असं की प्रत्येक जण एकमेकांपासून चोरून भिंतीला पाजत होता. वनमालाताईंनी कपाळाला हात लावला आणि तिथल्या तिथं सगळ्यांना तांबे बंद करायला लावले. दोन दिवसांत सगळा कोट हिरवा झाला. भगदाड मात्र लालच राहिलं. आता शेवंताला टोपली आधी आत सरकवून मग स्वतः शिरावं लागत होतं.

सुचिता आली ती थेट भगदाडाशी बसली. बोटानं थर खरवडला, नाकाशी नेला आणि तिचे डोळे चमकले.

"मासळी," ती म्हणाली. "टोपल्यांतून पाणी गळतं ना, त्यात युरियासारखं खाद्य असतं. या बाया रोज येता-जाता इथं पेज शिंपून राहिल्या. ताई, हे मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं. एवढा वेग!"

"म्हणजे आमच्याच पाण्यानं आमची वाट बुजून रायली?" शेवंतानं विचारलं.

सुचिताच्या चेहऱ्यावरचा आनंद थोडा ओसरला. "हो," ती म्हणाली.

भाऊराव फलकाची गुंडाळी काखेत धरून उभे होते. "शेवंता, तुझं खरं आहे. पण आठवडाभर कळ काढ. मोठ्या दरवाजानं येत जा. आपोआप बुजते आहे, आपण काही केलं नाही. पथक येऊन गेलं की पाहू."

"मंग काय पाहाल?" शेवंता म्हणाली. "दर्जा भेटला की दगड हलवता येत नाई, असं तुमीच त चौकात सांगून रायले होते. मोठा दरवाजा गावाला वळसा घालून हाये. माहं सोडा, मी चालीन. पान्याचं काय?"

पाण्याचं काय ते वनमालाताईंना माहीत होतं. मोठ्या पुरात नदी रात्रीतून वस्तीत शिरली, तेव्हा कोटाच्या या भागात भगदाड नव्हतं. बाहेरून लोक कुदळी मारत होते, ते ऐकून आतून लोकांनी पहारी घातल्या. भिंत दोन्हीकडून फुटली.

"मी तान्ही होती," शेवंता म्हणाली. "माह्या मायनं मले यातूनच आत देल्लं. कोणाच्या हातात देल्लं, ते तिलेबी दिसलं नाई."

भाऊरावांनी खाली पाहिलं. "जखम भरू द्यावी असं तुम्हीच म्हणता, ताई," ते हळूच म्हणाले.

वनमालाताईंनी भगदाडाच्या कडेवर हात ठेवला. थर कोमट लागत होता. असा सलग कोट पाहायची हौस त्यांना इतर कुणाहून कमी नव्हती. आयुष्यातले सगळे रविवार त्यांनी त्यासाठीच दिले होते.

"जखम भरू द्यायची," त्या म्हणाल्या. "टोचलेला कान बुजू द्यायचा नसतो, भाऊराव. त्यात काडी ठेवावी लागते." मग सुचिताकडे वळून त्यांनी विचारलं, "याला मागं कशानं हटवायचं?"

"आंबटानं. चुनखडी आंबटात विरते. जुन्या दगडाला इजा न करणारं सौम्य काही हवं. चिंच चालेल."

"मासोळीले चिंच लागतेच," शेवंता म्हणाली. "कोटालेबी लागते म्हनाचं."

चिंच कोळून आली. वनमालाताईंनी घरातल्या पट्टीच्या कापडाच्या घड्या त्यात भिजवल्या आणि फुगलेल्या कडेवर दाबल्या. भिंत फसफसली. बारीक बुडबुडे येऊन फुटू लागले आणि पांढरं पाणी ओघळलं. भाऊरावांनी काही क्षण पाहिलं. मग फलक बाजूला ठेवून त्यांनी बाह्या सारल्या आणि दुसरी कड धरली. दुपारपर्यंत जुने दगड उघडे झाले, पहारींच्या खुणांसकट.

"पथकाला काय सांगायचं?" एकानं विचारलं.

"कोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत असं आपण लिहिलं," भाऊराव म्हणाले. त्या भागात कोटाच्या छोट्या दाराला खिडकी म्हणतात. "सहा लिहू. दर्जा देतील तर देतील. नाव काय द्यायचं?"

"पुराची खिडकी," शेवंता म्हणाली.

सुचिता मोबाइल पाहत होती. लालचं केशरी झालं होतं, पण हिरवं होत नव्हतं. "एक सांगते," ती म्हणाली. "हा जीवाणू मरणार नाही. जमिनीत बी पडून राहावं तसा दगडात पडून राहील, शंभर वर्षंही. मासळीचं पाणी पडलं की उठेल. दर आठवड्याला चिंच लावावी लागेल. आपण आहोत तोवर, आणि नंतरही."

"घ्या, भाऊराव," वनमालाताई म्हणाल्या. "मंडळाला काम मिळालं."

त्या हसल्या, पण हसता हसता त्यांची नजर सभासदांच्या हातांवरून फिरली. सगळे हात सुरकुतलेले होते, आणि चिंचेनं पांढरे पडलेले.

शेवंतानं टोपली डोक्यावर घेतली. ती सरळ चालत खिडकीतून पलीकडे गेली. खांदा कुठंच लागला नाही. टोपलीतून चार थेंब ओल्या दगडावर पडले. ती थांबली, थेंबांकडे पाहिलं आणि मागं वळली.

"ताई, तुमच्या मंडळात कोटाबाहेरच्यायले घेता काय जी?"