मौनातला नवस

"कालिंदी, काही झालं तरी टाकीतली झाडं मरू देऊ नको."

यांचं हे शेवटचं स्पष्ट वाक्य. त्यानंतर अर्धांगवायूने वाचा गेली. आता हे दिवसभर पलंगावरून काचेच्या टाकीकडे बघत असतात. पाण्याखालची ती हिरवळ यांनीच लावलेली, मासे नावाला. श्रावणात पानं पिवळी पडून विरघळू लागली, तसं यांनी घास घेणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल.

सोमवारी दिवे लागेपर्यंत माझं मौन असतं. म्हणून बोलायला सून वैदेही सोबत आली. टाकीतल्या झाडांसाठी माती शोधत काली पुतली चौकापासून माशांचं एकेक दुकान पाहिलं. सगळीकडे गोल्डफिश, रंगीत खडे आणि प्लास्टिकची झाडं.

"असली झाडांची मिट्टी? गोंदियाले भेटन, भाभी," एक जण म्हणाला. दुसऱ्याने मोती तलावामागची गल्ली दाखवली.

पत्र्याचं दुकान होतं, पाटी नव्हती. आत ओल्या मातीचा वास. भिंतीला लागून टाक्या, पण मासा एकातही नाही, नुसती झाडं. पाणी अगदी स्थिर होतं. तरी सगळी पानं दाराकडे, म्हणजे आमच्याकडे, कललेली. कोपऱ्यातल्या टाकीत फक्त पाणी होतं. ती माझ्या खांद्याइतकी उंच होती.

मी पिशवीतलं सडकं पान काउंटरवर ठेवलं. दुकानदार माझ्याकडे बघत मान डोलवू लागला.

"हौ, मुळाले जेवण नाही भेटून राह्यलं." मग जरा थांबून, "अन् तुमचे मालक बी जेवत नाही म्हणता?"

वैदेहीने सांगितलं असेल म्हणून मी वळले. ती पार दाराशी उभी राहून टाक्यांचे फोटो काढत होती.

दुकानदार अजून माझ्याच तोंडाकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"बरं," तो हळू म्हणाला. "तुमी म्हणता तसं. मी काही मागितलं नाही, हे ध्यानात ठेवा."

त्याने काळ्या मातीची पिशवी आणि मुळाशी पुरायच्या गोळ्या पुढे सरकवल्या. पैसे घेतले नाहीत.

ऑटोत वैदेहीला हसू आवरेना. "आई, मोडलं ना मौन! अन् मले म्हणता, बोलायले चल. तोंड तरी उघडू दिलं का तुम्ही मले?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"आता काय उपयोग?"

निर्जळी उपास होता. सकाळपासून ओठ उघडलेच नव्हते.

देवापाशी दिवा लावला, मग विचारलं, "मी काय बोलले गं?"

ती कणीक मळत होती. "अजी, नवसच बोलल्या तुम्ही. यांनी घास घेतला की मी येईन, त्या मोठ्या पाण्यात राहीन, म्हणे. मले वाटलं, भाव कमी करायले गंमत करून राह्यल्या."

"माझाच आवाज होता?"

"मग कोणाचा?" तिचे हात थांबले. "आई, असं काय पाहता?"

माती नाल्यात फेकून द्यावी, असं मनात आलं. पण पलंगावरून हे त्या पिशवीकडे बघत होते.

मी ती टाकीत घातली.

गुरुवारी नवे कोंब फुटले. शुक्रवारी सकाळी यांनी आपणहून तोंड उघडलं. वैदेहीने भाताची पेज भरवली. वाटी संपली.

मी बोलले नव्हते, हे देवाला ठाऊक.

पण यांनी घास घेतला होता.

पूजा आटोपली. तुळशीला पाणी घातलं. गोळ्या कधी पुरायच्या ते वैदेहीला समजावलं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा मी चपला पायात सरकवल्या.

आत, पलंगापाशी, माझा आवाज आला.

"अजून थोडी पेज देऊ का?"

मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

"दे, कालिंदी," हे म्हणाले. इतक्या महिन्यांनी. स्पष्ट.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि तलावाच्या रस्त्याला लागले.