जावाचा खंजीर

वरुण, पडदा ओढ. ओवी, तू इकडे जवळ बस. ही यतीनची गोष्ट. पुण्याचा पोरगा, इथं ऑकलंडात पेनरोजला धातू तपासायच्या लॅबमध्ये माझ्याबरोबर होता. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या गळ्यावर टाके होते.

गेल्या वर्षीची मटारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाच्या सुट्टीची, शुक्रवारची रात्र. बायकोनं, विभावरीनं, त्याला सँडरिंगहॅमहून मिठाई आणायला पाठवलेलं. जाताना न्यू लिनला ग्रॅहमकडे डोकावायचं होतं. ग्रॅहमचं जुन्या वस्तूंचं दुकान. जोन नावाच्या म्हातारीनं नवऱ्याचा जावाचा खंजीर त्याच्याकडे विकायला ठेवला होता. क्रिस म्हणतात त्याला. पातं नागासारखं वळणाचं, त्यावर लाटांसारखी नक्षी. अस्सल की नकली, एवढंच यतीननं सांगायचं.

यतीननं पातं दिव्याखाली धरलं.

"नकलीची नक्षी ॲसिडनं वरवर काढलेली असते," तो ग्रॅहमला म्हणाला. "घासली की गेली. अस्सलमध्ये लोखंड आणि निकेल दुमडून दुमडून ठोकतात. नक्षी पोटातून येते."

त्यानं कडेला बारीक पॉलिश पेपर फिरवला, वर लिंबू चोळलं. घासलेल्या जागी रेघ पुन्हा उमटली. पात्याच्या पाठीवरून थेट पलीकडे उतरलेली.

"अस्सल आहे. फार जुना."

"जोनला नकली म्हणून सांग," ग्रॅहम म्हणाला. "तिच्याकडून मीच घेतो. स्वीट ॲज? जमतंय ना?"

"नाही. म्हातारीला मी खरंच सांगणार."

ग्रॅहमनं दाराला कुलूप लावलं. खंजीर उचलला. यतीनला भिंतीशी रेटलं आणि धार गळ्याला लावली. कातडी फाटली. रक्त शर्टात उतरलं.

"फोन लाव तिला. आत्ता."

आणि ग्रॅहम थांबला.

"माझे खांदे..." तो पुटपुटला. "माझे खांदे कुणी धरलेत?"

त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"नो वे, काका," असं म्हणतेस ना, ओवी? ऐक.

ग्रॅहमचे गुडघे वाकले. दाबून बसवावं तसा खाली बसला. हात मात्र वर गेला. त्याचाच हात. खंजिराचं टोक गळ्याखालच्या हाडामागे टेकलं...

"यतीन! हात धर माझा! धर!"

यतीननं दोन्ही हातांनी मनगट धरलं. लोंबकळला. मनगट तसूभर हललं नाही.

पातं उतरलं. हळू.

ग्रॅहम ओरडला... मग ओरडता येईना. तोंडातून नुसतं रक्त. पातं उतरत राहिलं. मुठीपर्यंत.

मग... काही नाही.

जुन्या काळी जावात गुन्हेगाराला असंच बसवून मारत. हे यतीनला पुढे कळलं.

पोलिसांनी रात्रभर त्याला बसवून ठेवलं. दुकानातल्या कॅमेऱ्यात दोघंच दिसले. खंजीर ग्रॅहमच्याच हातात. सोडला त्याला. जोनबाईंना त्यानं जाऊन सांगितलं, अस्सल आहे. त्या म्हणाल्या, "मला नको तो घरात."

एक मात्र त्यानं पोलिसांनाही सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्सच्या बाईनं ग्रॅहमचं डोकं एका बाजूला वळवलं, तेव्हा यतीन शेजारीच होता. दोघंही बघत राहिले.

कानामागे फूल खोचलेलं.

पांढरा चाफा, जावात कबरींपाशी लावतात तो. टवटवीत. पाणी निथळत होतं त्यातून...

ऐन हिवाळा होता, पोरांनो. आपल्या ऑकलंडात तेव्हा चाफ्याला पानसुद्धा नसतं.