दोन सेकंदांची हजेरी

सोडवा पाहू एक कोडं. एक मुलगी सलग अकरा दिवस शाळेत गेली, पहिल्या बाकावर बसली, गणितं सोडवली, डबा खाल्ला. तरी नोंदवहीनुसार ती एकही दिवस शाळेत आली नव्हती. कसं बरं?

कृत्तिका गावंडेला या कोड्याची मुळीच गंमत वाटत नव्हती. तिच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. २०७१ सालच्या त्या जुलैत अकोल्याच्या तिच्या शाळेने हजेरीसाठी ‘दक्ष’ नावाचा यंत्रमानव आणला. दक्ष नाव पुकारायचा, दोन सेकंद थांबायचा, आणि तेवढ्यात ‘हजर’ ऐकू आलं नाही की गैरहजेरी लावून मोकळा व्हायचा. कृत्तिकाचा ‘ह’ नेमका तेव्हाच घशात अडायचा. तिने हात वर केला, उभी राहिली, एकदा तर दक्षच्या पत्र्याच्या पोटावर थाप मारली. पण त्याला कानच तेवढे दिले होते, डोळे नाहीत. एवढं महागडं यंत्र आणि अक्कल मात्र मोजून दोन सेकंदांची!

आणि आज मुख्याध्यापक राहाटे सरांचं पत्र घरी आलं. दिवाळीनंतरच्या चंद्रसहलीला ऐंशी टक्के हजेरी लागते, म्हणून कृत्तिकाचं नाव यादीतून काढलं होतं. चंद्रासाठी ती तिसरीपासून दिवस मोजत होती.

घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. बाबा म्हणाले, “लांब श्वास घे.” आई म्हणाली, “घाबरू नको गं.” शेजारच्या कुसुमकाकू दारातूनच ओरडल्या, “पोरीले मधात वेखंड चाटवा, मी सांगते!”

“म-मी भ…” कृत्तिकाने सुरुवात केली.

“भूक लागली?” तिघंही एकदम म्हणाली.

“मी भीत नाही,” असं तिला म्हणायचं होतं. ती पाय आपटत गच्चीवर गेली.

तिथे वनिताआत्या बसली होती. आत्या नागपूरला मुलांच्या बोलण्यावर संशोधन करते आणि शनिवार म्हणून आज भावाकडे आली होती. तिने विचारलं, “काय झालं?” आणि मग ती चक्क गप्प बसली. कृत्तिका अडखळली, थांबली, परत सुरू झाली. सगळं सांगून होईपर्यंत आत्याने एकही शब्द तिच्या तोंडात कोंबला नाही.

“शब्द तुझ्या डोक्यात तयार असतो ना?” आत्याने विचारलं. कृत्तिकाने जोरात मान हलवली.

“तर मग ऐक. बोलायला श्वास, स्वरयंत्र (घशातली आवाजाची पेटी), जीभ, ओठ, जबडा या सगळ्यांना मेंदूचे हुकूम नेमक्या क्षणी मिळावे लागतात. लेझीमच्या पथकासारखं आहे ते. तुझ्या मेंदूत ही वेळ जुळवताना मध्येच खोळंबा होतो. त्याला तोतरेपणा (बोलण्याचा ओघ अडखळणं) म्हणतात. भीतीने तो वाढतो, पण भीती हे त्याचं मूळ नाही. काही मुलांचं वेगळं असतं. कुणाला शब्दच पटकन सापडत नाहीत, कुणाला दुसऱ्याचं लांबलचक वाक्य समजायला वेळ लागतो. मुलं हुशार असतात, तरी लोक त्यांना मठ्ठ म्हणतात.”

“आणि व-वेखंड?”

“जीभ चुरचुरेल. बाकी काही नाही.”

“ज-जाईल का हे?”

“कमी होईल, कदाचित थोडं राहीलही. अडखळणं सोपं कसं करायचं ते मी शिकवीन. पण थांबायला इतरांनीच शिकायला हवं. सोमवारी येते तुझ्या शाळेत.”

सोमवारी आत्याने राहाटे सरांना वर्गासमोर हेडफोन घालायला दिले. “आपलं बोलणं आपल्याच कानांवर पडतं आणि मेंदू त्यावरून मेळ ठेवतो,” ती म्हणाली. “यातून तुमचा आवाज तुम्हाला पाव सेकंद उशिरा ऐकू येईल. हा तोतरेपणा नव्हे, पण अडकणं म्हणजे काय त्याची चव कळेल. आता तुमचं पत्र दक्षला वाचून दाखवा.”

“एवढंच ना?” सर हसले. “आपल्या पा-पाल्याची-ची हजे… हजे…”

सर थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला. वर्ग खो-खो हसू लागला आणि सगळे ओरडले, “हजेरी, सर! हजेरी!”

“अरे, मला माहीत आहे तो शब्द!” सर हेडफोन उपटून ओरडले.

“दोन सेकंदांत ‘हजर’ ऐकू आलं नाही. राहाटे सर, गैरहजर,” दक्ष म्हणाला.

कृत्तिका एकटीच हसली नव्हती. ती उभी राहिली. “म-मलाही म-माहीत असतो, सर.”

  सरांनी हातातलं पत्र फाडलं, कृत्तिकाचं नाव यादीत परत घातलं आणि दक्षची दोन सेकंदांची अट काढून टाकायला सांगितलं.

“चंद्रावर हा टिकलाच नसता,” जाता जाता दक्षकडे बोट दाखवत आत्या म्हणाली. “तिथून पृथ्वीवर हाक मारली तर उत्तर यायला अडीच सेकंद तरी लागतात. याने अख्खी पृथ्वी गैरहजर लावली असती.”

दुसऱ्या दिवशी दक्षने पुकारलं, “कृत्तिका गावंडे.” ‘ह’ नेहमीसारखाच घशात अडला. एक सेकंद, तीन, सहा. दक्ष थांबला. सगळा वर्ग थांबला. नवव्या सेकंदाला शब्द बाहेर पडला, “ह-हजर!”

“शाब्बास!” सर दारातून म्हणाले.

कृत्तिकाने वैतागून वळून पाहिलं. “श-शाब्बास क-कशाला, सर? मी र-रोजच हजर होते.”